खडकाळ माळावर वीस गुंठे द्राक्ष लावायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हातकणंगले तालुक्यात आळत्याच्या पुढं, रामलिंगच्या डोंगराकडेला तुमचं २० गुंठे माळरान आहे. वर वीतभर माती, खाली मुरूम, मध्येच कातळ. ऊस तिथं होत नाही. जर्मनी-स्वित्झर्लंडसारख्या थंड मुलखात दगडगोट्यांच्या उतारावर द्राक्षं पिकतात असं तुमच्या वाचनात आलं, हिवाळ्यात त्या माळावर थंडीही बरी पडते, म्हणून छोटी बाग जमेल का आणि सुरुवात कुठून करायची. पाण्याला एक बोअर आहे, भर उन्हाळ्यात तासाला दोन हजार लिटरच्या आसपास देणारी.

जमेल, पण तुम्ही ज्या दोन गोष्टींच्या भरवशावर निघालाय त्या दोन्ही आपल्याकडं वेगळ्या तऱ्हेनं लागू होतात. बाग टिकणार की जाणार हे ठरेल ते पावसाळ्यात त्या दगडाखालून पाणी निघून जातं की नाही यावर. म्हणून आधी दगड आणि थंडीचा हिशोब मांडतो, मग कामाला लागू.

जर्मनीत मोझेल नदीच्या काठी पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारावर वेली आहेत हे खरं. पण ते ठिकाण ५० अक्षांशाच्या जवळ आहे. तिथं ऊन कमी आणि तिरपं. दक्षिणेकडं तोंड केलेला उतार जास्त ऊन घेतो, काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब वेलीला देतो. त्या उबेवरच तिथली साखर भरते. तिथली वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. पारा उणे १५-२० च्या खाली गेला तर खोड आणि डोळे मरतात, आणि वसंतात कोवळी फूट आल्यावर उणे दोन अंशांची एक रात्रही सगळा माल घालवते. त्यामुळं काही ठिकाणी हिवाळ्याआधी कलमाच्या जोडावर मातीची भर चढवतात. वर्षातून छाटणी एकदा, पीक एकदा.

आपल्याकडं कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीचं रात्रीचं सरासरी तापमान १४-१५ अंशांच्या घरात असतं. माळावर, त्यातही सखल पट्ट्यात, काही रात्री त्याहून खाली जातं, पण वेल मरेल अशी थंडी इथं पडत नाही आणि वेल झोपेल अशीही पडत नाही. म्हणून आपण वेलीला छाटणीनं उठवतो: एप्रिलमध्ये काड्या तयार करायला खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये घड घ्यायला फळछाटणी. आणि तापलेला दगड इथं उपकार करत नाही. एप्रिल-मे मध्ये उघडा मुरूम इतका तापतो की खालून येणाऱ्या झळीनं कोवळी फूट करपते, ओलांड्याची, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीची, साल भाजते. दगडाचा आपल्याला फायदा एवढाच की पाणी साचत नाही, तोही दगड योग्य जातीचा असला तर.

ती जात ओळखायला खड्डे काढा. २० गुंठ्यांत निदान चार: वरच्या अंगाला, मध्ये दोन, आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक. तीन फूट खोल, माणूस उतरून बघू शकेल एवढे रुंद. मातीच्या खाली जो पिवळसर-तांबूस मुरूम लागेल त्यात पहार मारा. पहार बोटभर रुतली, ढेकूळ सुटलं आणि हातात चुरता आलं तर तो कुजका मुरूम. त्याच्या फटीतून द्राक्षाची मुळी खाली जाते आणि पाणीही जातं. पहार ठण्णकन उडाली आणि नुसता पांढरा ओरखडा उठला तर तो कातळ. त्यात मुळी शिरत नाही, पावसाचं पाणी त्याच्यावर तरंगत राहतं. असा कातळ दोन फुटांच्या आत सलग लागला तर तेवढा तुकडा सोडून द्या. ब्रेकर लावून फोडलेल्या कातळात बाग उभी करायचा खर्च वीस गुंठ्यांत कधी निघत नाही.

दुसरी पाहणी पाण्याची. खड्ड्यात फूटभर पाणी भरा, जिरू द्या, आणि दुसऱ्यांदा भरा. दुसऱ्या खेपेचं पाणी २४ तासांत गेलं तर ठीक. तसंच उभं राहिलं तर निचरा नाही. खात्रीचं उत्तर मात्र जुलैच देतो: हे खड्डे उन्हाळ्यात काढून ठेवा आणि जुलैच्या झडीत, पाऊस दोन दिवस उघडल्यावर बघा. त्या वेळी खालच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात गुडघाभर पाणी असेल तर त्या अंगाला वेली लावू नयेत. एक पावसाळा थांबणं जिवावर येतं, पण द्राक्षबाग पंधरा वर्षांसाठी उभी करायची असते.

खड्ड्यातल्या मुरमावर पांढरे ठिपके किंवा रेघा दिसल्या तर चुनखडी आहे. फरशी साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले की चुना नक्की. नक्की किती ते माती परीक्षणात बघा. अहवालात सामू (पीएच), क्षारता (ईसी) आणि मुक्त चुना हे तीन आकडे हवेतच. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर गेला की लोह लागू होत नाही, नवीन पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात आणि दरवर्षी तोच त्रास निस्तरत बसावं लागतं. बोअरच्या पाण्याचीही तपासणी करून घ्या. क्षारता १ च्या आत असली तर निर्धास्त, २ च्या वर असली तर द्राक्षाचा नाद सोडलेला बरा.

आता चर. खडकाळ रानातल्या बहुतेक बागा इथं बिघडतात. नेहमीची पद्धत अशी की पोकलेननं अडीच फूट रुंद, दोन फूट खोल चर मारायचा आणि चांगली माती आणून भरायची. भारी जमिनीत हे चालून जातं. कडक मुरमात मात्र असा चर म्हणजे दोन्ही बाजू आणि तळ बंद असलेला लांबलचक हौद. जुलैत तो भरतो, मुळ्या महिनाभर पाण्यात राहतात, पांढरी मुळी कुजते. वरून वेल हिरवीगार दिसते, पण ऑक्टोबरला छाटल्यावर डोळे फुटत नाहीत किंवा मागंपुढं फुटतात. शेतकरी औषधाला दोष देतो, आणि दोष चराचा असतो.

म्हणून चराच्या तळाला शंभर फुटाला फूटभर तरी उतार ठेवा आणि प्रत्येक चराचं खालचं तोंड बांधाकडच्या आडव्या चरीत मोकळं करा. ती आडवी चरी मुख्य चरापेक्षा अर्धा फूट खोल घ्या, तिच्यात मोठे दगड भरा, आणि तिचं पाणी ओढ्याला काढा. ओळी दक्षिणोत्तर असाव्यात असं सगळे सांगतात, ते ऊन दोन्ही बाजूंना सारखं मिळावं म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण उतार आणि दिशा यांत एकच साधत असेल तर मी उतार निवडतो. दिशा चुकली तर थोडी विरळणी आणि पानांची मांडणी बदलून भागतं. पाणी साचलं तर काहीच भागत नाही.

चर भरताना हौस म्हणून काळी माती आणू नका. मुरमात काळी माती भरली की पाणी मातीतच अडतं आणि ती उन्हाळ्यात भेगाळून मुळ्या तोडते. निघालेला बारीक मुरूम दोन भाग आणि पोयट्याची किंवा तांबडी हलकी माती एक भाग, हे मिश्रण चांगलं. तलावातला गाळ मिळाला तर एक भागातच धरा, तोही एक उन्हाळा पसरून वाळवलेला. हिशोब असा: ९ फुटांवर ओळी घेतल्या तर २० गुंठ्यांत सुमारे २४२० फूट चर होतो. अडीच बाय दोननं त्याचे १२१ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). म्हणजे बाहेरून आणायची माती साधारण ४० ब्रास. हा आकडा ऐकून बरेच जण चर उथळ करतात. त्यापेक्षा क्षेत्र निम्मं करा, चर पूर्ण ठेवा.

मिश्रणात २० गुंठ्यांना कुजलेलं शेणखत पाच-सहा ट्रॉल्या आणि सिंगल सुपर फॉस्फेट २०० ते २५० किलो. चुना जास्त निघाला तर स्फुरदाची मात्रा माती परीक्षणावर ठरवा. आपल्या भागात साखर कारखान्यांची मळी (प्रेसमड) सहज मिळते, ती शेणखताच्या जोडीला छान. पण पूर्ण कुजलेली हवी. कच्ची मळी ढिगात हात घातला की गरम लागते. ती चरात गेली तर तिथंच तापते आणि नवी मुळी भाजते. भरलेला चर जमिनीच्या वर नऊ इंच उंच राहू द्या आणि लागणीआधी तीन-चार वेळा पाणी देऊन बसवा. बसल्यावर तो चार-सहा इंच वर राहिला पाहिजे. जमिनीच्या खाली बसला तर वेलीच्या बुंध्यात पाणी थांबेल.

बोअरचं गणित करू. ९ बाय ५ फुटांवर २० गुंठ्यांत ४८४ वेली बसतात. पूर्ण वाढलेल्या वेलीला एप्रिल-मे मध्ये रोज १५ ते २० लिटर पाणी लागतं, म्हणजे सरासरी १८ धरली तर पावणेनऊ हजार लिटर. तुमची बोअर साडेचार तासांत तेवढं देईल, पण रोज, खंड न पडता, आणि वीज असताना. मे अखेर बोअर निम्म्यावर आली तर सगळी बाग एकदम ताणावर येते, आणि खरड छाटणीनंतरचे ४० ते ६० दिवस हेच पुढच्या घडाची घडण होण्याचे दिवस असतात. म्हणून माझा सल्ला पहिल्या वर्षी १० गुंठेच लावायचा, २४० वेली. पाणी, फवारणी आणि मजूर या तिन्हींचा अंदाज आला की उरलेलं रान आहेच. १० हजार लिटरची एक टाकी वरच्या अंगाला ठेवली तर विजेच्या वेळापत्रकातून सुटका होते.

मुरमात ठिबकचं पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं. त्यामुळं वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर देण्यापेक्षा २ लिटरचे चार द्या, बुंध्यापासून फूट-सव्वा फुटावर, दोन्ही बाजूंना. दिवसाचं पाणी सकाळ-संध्याकाळ असं दोनदा तोडून द्या. वरून उसाच्या पाचटाचं चार ते सहा इंच आच्छादन करा. त्यानं मुरमाची झळ कमी होते आणि पाण्याची बचत डोळ्यांना दिसते. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, कारण माळावर वाळवी असते आणि ती पाचटातून थेट सालीत चढते.

खुंटाशिवाय, म्हणजे ज्या काटक वेलीच्या मुळावर आपली जात कलम करतात तिच्याशिवाय, लावू नका. युरोपात खुंट आला तो १८६० नंतर फिलॉक्सेरा किडीनं मुळं खाल्ली म्हणून. आपण वापरतो तो पाण्याचा ताण आणि क्षार सोसायला. तुमच्यापुढं दोन पर्याय आहेत. डॉगरिज जोमदार आहे, हलक्या रानात आणि खारट पाण्यात टिकतो, पण चुनखडी त्याला सोसत नाही आणि पाणी-नत्र जास्त झालं की वेल नुसती माजते, घड कमी देते. ११० आर ताण सोसतो, चुना बऱ्यापैकी सोसतो, वाढ आटोक्यात ठेवतो. पाण्याची क्षारता कमी आणि थोडी चुनखडी असेल तर मी ११० आर घेईन. पाणी मचूळ असेल तर डॉगरिज. दोन्ही तपासण्यांचे कागद हातात आल्याशिवाय रोपं सांगू नका.

वेळापत्रक असं बसतं. नोव्हेंबर-डिसेंबरला चर, जानेवारीत भरणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंट रोपांची लागण. पावसाळ्यात खुंटाच्या दोन काड्या बांबूला सरळ बांधत वर न्या, बगलफुटी काढत राहा. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हवा दमट आणि उबदार असते, तेव्हा पाचर कलम भरा. खुंटाची काडी पेन्सिलीएवढी, ८ ते १० मिलिमीटर हवी, डोळकाडीही (कलम करायच्या जातीची काडी) तेवढीच. कलमाची उंची जमिनीपासून फूट-सव्वा फूट. डोळकाडीला दोन डोळे ठेवायचे, दीड इंचाची पाचर एका चाकूच्या ओढीत कापायची आणि सालीला साल एका बाजूनं तरी तंतोतंत जुळवायची, मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं खालून वर घट्ट बांधायचं. जोडात हवा राहिली की तो सुकतो. पंधरा-वीस दिवसांत डोळा हलला नाही तर खुंटाची दुसरी काडी आहेच, तिच्यावर पुन्हा भरा. दोन काड्या ठेवायच्या त्या यासाठीच.

तुमच्या थंडीचा पहिला खरा संबंध इथं येतो. कलमाची फूट डिसेंबर-जानेवारीत मंदावते, आणि ती मंदावलीच पाहिजे. लगेच रिकट घेतला, म्हणजे कलमाची फूट पुन्हा कापली, तर डोळे मागंपुढं फुटतात. रात्रीचं तापमान १५ च्या वर स्थिरावू द्या, म्हणजे साधारण फेब्रुवारीचा मध्य, मग कलमाच्या जोडावर दोन-तीन डोळे ठेवून कापा आणि हायड्रोजन सायनामाइड लिटरला ३५ ते ४० मिली घेऊन डोळ्यांना पुसा. हातमोजे आणि मास्क घालूनच. हे औषध वापरण्याच्या आदल्या दिवशी आणि नंतर काही दिवस दारूचा थेंबही नको, अंगावर उलटतं. लावणाऱ्या गड्यालाही हे आधी स्पष्ट सांगा.

रिकटनंतरची सगळ्यात सरळ फूट खोड म्हणून न्या. साडेचार फुटाला तार, तिच्या खाली शेंडा मारा आणि दोन फुटी दोन बाजूंना ओलांडे म्हणून वळवा. ओलांडा एका दमात पळवू नका. नऊ पानं झाली की सातव्यावर खुडा, तिथल्या फुटी काड्या म्हणून वाढवा, शेंड्याची फूट पुढं न्या, पुन्हा तेच. सरळ पळवलेल्या ओलांड्याला मध्येच दोन-दोन फूट काडीच नसते आणि ती उघडी साल मे महिन्यात पहिली भाजते.

उघड्या माळावर मांडवापेक्षा वाय पद्धत (इंग्रजी Y च्या आकाराचे अँगल) बरी. पावसाळ्यात पानांतून वारा खेळतो, पान लवकर वाळतं, आणि आपल्या भागात तेच हवं. मुरमात अँगल रोवायला दोन फूट खड्डा आणि काँक्रीट लागतंच. शेवटच्या अँगलचा ताण मात्र खडकात छान बसतो: ड्रिलनं दीड-दोन फूट भोक, त्यात सळईची कडी सिमेंटनं पक्की. नैर्ऋत्य आणि पश्चिम बांधाला शेवरी किंवा गिरीपुष्पाची दाट ओळ लावा, पहिल्या वेलीपासून पंधरा फूट लांब, नाहीतर तिच्या मुळ्या तुमचं ठिबक पितील.

फळछाटणीची तारीख हा या बागेतला सगळ्यात नाजूक निर्णय आहे. छाटणीपासून दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, पंधरा-अठराव्या दिवशी घड दिसतो, पस्तीस-चाळीसच्या सुमाराला फुलोरा. फुटीपासून मणी बसेपर्यंत पाऊस नको, कारण केवडा हा बुरशीचा रोग थेट घडावर येतो आणि घड तपकिरी होऊन वाळतो. सप्टेंबरात छाटली तर परतीचा पाऊस या दिवसांत सापडतो. नोव्हेंबरात छाटली तर थंडीत डोळे उशिरा आणि विस्कळीत फुटतात, आणि तोडणी मार्चच्या उन्हात जाते. तुमच्या रानाला मी १० ते २५ ऑक्टोबर धरेन. १५ ऑक्टोबरला छाटली आणि १३० दिवस धरले तर माल २०-२२ फेब्रुवारीला येतो. तरी तारखेवर हटून बसू नका. आकाश भरलेलं असेल तर आठवडा थांबा.

छाटणीआधी एक काडी हातात घेऊन बघा. पिकलेली काडी बुंध्याकडून तांबूस तपकिरी असते, कापल्यावर आतला गर लहान आणि लाकूड घट्ट. हिरवट, पोकळ गराची काडी म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात पानं केवड्यानं गळालेली आहेत. तिच्यावर घड येतात पण जिरतात. म्हणून पीक नसलेल्या पावसाळ्यात फवारणी थांबवायची नाही, आणि नवे बागायतदार नेमकी तिथंच काटकसर करतात.

त्या काळात बोर्डो मिश्रणाइतकं स्वस्त आणि भरवशाचं काही नाही. एक टक्क्यासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. प्लॅस्टिकच्या दोन वेगळ्या भांड्यांत विरघळवा आणि मोरचूदाचं पाणी चुन्याच्या निवळीत सावकाश ओता, ढवळत राहा. मग घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. बाहेर काढल्यावर त्याच्यावर तांब्याचा लालसर थर दिसला तर चुना कमी आहे, थोडा आणखी घाला, नाहीतर पानं भाजतील. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. कोवळ्या फुटीवर अर्धा टक्काच.

केवडा ओळखायचा तर पानावर वरून तेलकट पिवळा डाग आणि पान उलटल्यावर पांढरी बुरशी. शंका असेल तर डागाचं पान ओल्या कागदाबरोबर पिशवीत बांधून रात्रभर ठेवा. सकाळी खाली पांढरी लव उठली तर केवडाच. भुरी उलट स्वभावाची: कोरड्या, थंड डिसेंबर-जानेवारीत, दाट पानांच्या आत येते आणि मण्यांवर राख फासल्यासारखी दिसते. तिला पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. ऊन ३५ अंशांच्या वर असताना गंधक मारू नका. छाटणीनंतर डोळे फुगताना उडद्या भुंगा डोळे पोखरतो, आणि डोंगराकडेच्या झाडोऱ्यामुळं तुमच्याकडं तो जास्त येईल. खोडाची सुटी साल आधीच काढून जाळा, म्हणजे त्याची आणि पिठ्या ढेकणाची लपायची जागा जाते.

थंडीचा दुसरा संबंध मण्यांशी. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागायच्या, वेळी रात्री खूप गार आणि दिवसा कडक ऊन असं चाललं तर हिरव्या जातीच्या मण्यांवर गुलाबी छटा येते. निफाडकडं पारा चार-पाच अंशांवर गेला की हा त्रास मोठा होतो, तडकणंही होतं. तुमच्याकडं सखल कोपऱ्यात एखाददुसऱ्या वर्षी होईल. त्या दिवसांत बोअरचं पाणी पहाटे द्या, ते हवेपेक्षा उबदार असतं. घड पानांच्या सावलीत ठेवा. थंडीच्या लाटेत पाण्याचा ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी सोडणं तर अजिबात नको, मणी तडकतात ते त्यानंच.

जातीबद्दल. घरचं खाणं आणि गावात-रस्त्यावर विक्री एवढाच बेत असेल तर काळ्यात शरद सीडलेस, हिरव्यात माणिक चमन किंवा थॉमसन. फवारण्या कमीत कमी हव्या असतील आणि बी चालत असेल तर बंगळूर ब्लू केवड्या-करप्याला बराच सोसतो, रसाला उत्तम. वाइनच्या जाती वायनरीशी खरेदीचा लेखी करार असेल तरच लावा. ती द्राक्षं खायला कोणी घेत नाही, आणि परवान्याशिवाय घरी वाइन करता येत नाही.

मजुरांचं आधी बोलून ठेवा. छाटणी, विरळणी आणि जीएमध्ये (जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकात) घड बुडवण्याचं काम येणाऱ्या टोळ्या तासगाव-मिरजेकडं आहेत. दहा गुंठ्यांसाठी त्या एवढ्या लांब येणार नाहीत, त्यामुळं घरातल्या दोघांनी तरी हे काम शिकून घ्यावं लागेल. जीएचा हिशोब सोपा आहे: १ ग्रॅम १०० लिटरला म्हणजे १० पीपीएम. पावडर आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायची, मग पाण्यात. बिनबियांच्या जातीला घड पोपटी रंगाचा असताना पहिली १० पीपीएमची फवारणी देतात, त्यानं पाकळ्या (घडाच्या बारीक फांद्या) लांबतात आणि घड गच्च होत नाही. बंगळूर ब्लूला यातलं काही लागत नाही.

पहिलं पीक लागणीच्या तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या वेळी वेलीला १० ते १५ घडच ठेवा, बाकीचे मणी बसायच्या आधी काढून टाका. घड तोडताना हात थरथरतो, पण उथळ रानातल्या वेलीनं पहिल्याच वर्षी ओझं घेतलं तर एप्रिलला तिच्या फुटी दोन पेरांवर थांबतात आणि पुढचं वर्ष जातं. पुढं पूर्ण वेलीला २५ ते ३० घड, तीनशे ग्रॅमच्या आसपासचे, म्हणजे वेलीला आठ-नऊ किलो. भारी जमिनीतली बाग याहून जास्त घेते, तिच्याशी बरोबरी करू नका.

तोडणी रंगावर नको, गोडीमापकावर करा. घडाच्या वरच्या, मधल्या आणि टोकाच्या मण्याचा रस वेगवेगळा बघा. टोकाचा मणी १८ ब्रिक्सच्या वर गेला की घड तयार. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते दिवस तोडणीच्या तारखेतून मागं मोजून वहीत लिहून ठेवा. डोंगराकडून वानरं, मोर येत असतील तर मण्यात पाणी उतरायच्या आधी जाळी ओढा. एकदा त्यांना चव लागली की जाळी लावूनही ती तिथंच घुटमळतात.